वाडा वाचवायचा तर आधी पाणी शोधा

जुना लाकडी वाडा बहुतेक वेळा दोनच जागी कुजतो. एक, खांबाचा तळ जिथे दगडावर टेकतो तिथे. दुसरी जागा म्हणजे तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक. मधला सहा-सात फुटांचा सागवानी खांब दोनशे वर्षांनंतरही पटाशीला सहज दाद देत नाही. तरी 'मोडकळीस आला' असा शिक्का बसला की सगळं लाकूड उतरवून विकलं जातं. कुणी वाचवायला पुढे आलंच, तर हौसेने सगळे खांब नवे बसवतात आणि वर सिमेंटचा गिलावा करतात. दोन्ही वाटांनी वाडा जातोच, फक्त दुसऱ्या वाटेने जास्त पैसे घेऊन जातो.

गावातला वाडा दुरुस्त करून तिथे लोककला आणि लोकजीवनाचं केंद्र उभं करायचं ठरवलेल्या मंडळींनी काय पाहायचं, कशाच्या आधी काय करायचं आणि कुठे फसायला होतं, ते इथे सांगतो. डोळ्यांसमोर ठेवला आहे तो देशावरचा, पेशवाईच्या वळणाचा, एका चौकाचा दुमजली वाडा. कोकणातल्या चिऱ्याच्या घराचं गणित वेगळं आहे, ते इथे जसंच्या तसं लावू नये.

भार कोण उचलतं

वाडा खणांवर मोजतात. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच फूट. दगडी तळखड्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त (दोन्हीकडे बाहेर आलेला लाकडी आधार), हस्तांवर तुळई, तुळयांवर आडव्या जवळजवळ मांडलेल्या कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा थर. हा झाला कडीपाट. भिंत याला बाहेरून लपेटलेली असते. खालचा भाग दगडी, वर बहुधा मातीत रचलेली वीट. भिंतीत खांब गाडलेले असतात आणि मजल्याचं बरंचसं ओझं तेच पेलतात. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळून माणसं गाडली गेली. पण जिथे माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे भिंती पडूनही खण उभे राहिलेले दिसले.

सांगाड्याचे सांधे खिळ्यांवर नसतात. एका लाकडाचं कुसू, म्हणजे कोरून काढलेलं निमुळतं टोक, दुसऱ्याच्या खाचेत बसतं आणि वरून लाकडी मेख ठोकलेली असते. म्हणून हा सांगाडा सुटा करता येतो. पुण्यात कोथरूडला असलेला मस्तानी महाल असाच उतरवून राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभारला आहे. सुटा करता येतो म्हणजे करावाच असं मात्र नाही. प्रत्येक वेळी सांधा उघडला की कुसू थोडं झिजतं, मेख तुटते. खांब जागेवर ठेवून दुरुस्त होत असेल तर जागेवरच करावा. इकोमॉस या वारसा जतनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने लाकडी वास्तूंसाठीची सुधारित तत्त्वं डिसेंबर २०१७मध्ये दिल्लीतल्या अधिवेशनात मंजूर केली. त्यांचाही रोख हाच आहे: हात कमीत कमी लावा, आणि लावाल तो उद्या काढता येईल असा लावा.

सुताराआधी कागद

कागदाचे दोन प्रकार. पहिला मालकीचा. मिळकत पत्रिकेवर वारस किती, भाडेकरू किती, वाडा पालिकेच्या वारसा यादीत आहे का, राज्य किंवा केंद्राच्या संरक्षित स्मारकाजवळ येतो का. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटर हा प्रतिबंधित आणि त्यापुढचा २०० मीटर हा नियंत्रित भाग असतो, तिथे दुरुस्तीलाही परवानगी लागते. एका वाड्याला चाळीस वारस निघणं ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. सह्यांना लागणारा वेळ सुतारकामापेक्षा जास्त धरा.

दुसरा कागद मोजमापाचा. प्रत्येक मजल्याचा नकाशा आणि निदान दोन उभे छेद, १:५० प्रमाणात. मग प्रत्येक लाकडाला क्रमांक. 'पूर्व सोपा, खांब ३' म्हणजे पू-खां-३, त्यावरची तुळई पू-तु-३. क्रमांक पितळी किंवा अॅल्युमिनियमच्या बिल्ल्यावर कोरून दोऱ्याने बांधा. खडूने लिहिलं की पहिल्याच पावसात किंवा पहिल्याच झाडलोटीत जातं. सांध्याजवळ धूळ पुसताना जुन्या सुतारांनी पटाशीने मारलेल्या खुणा कधीकधी दिसतात. त्यांचे फोटो काढा, घासू नका.

एका तुळईची तपासणी

तुळईचं टोक भिंतीत गेलं आहे तिथून एक फूट अलीकडे हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोका. चांगलं लाकूड 'ठण' वाजतं, कुजलेलं 'भद' करतं. मग भिंतीला अगदी लागून खालच्या अंगाला दाभण दाबा. निरोगी सागवानात ते जेमतेम तीन-चार मिलिमीटर शिरतं. दोन सेंटिमीटर सरळ आत गेलं आणि ओढताना धागे तुटल्याचा कर्र असा आवाजही आला नाही, तर आतलं लाकूड गेलेलं आहे. वरून रंग शाबूत असेल, नक्षी शाबूत असेल, त्याला भुलू नका. शेवटी ओलावामापक लावा. लाकडात ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. हा आकडा सगळ्या कामाचा कणा आहे. लाकूड कुजलं याचा अर्थ तिथे पाणी येतंय, आणि पाणी थांबवल्याशिवाय औषध मारणं म्हणजे गळक्या घागरीला कल्हई.

वाळवी आणि भुंगा यांत गल्लत होते. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करत वर चढते, तिला ओल लागते, आणि ती आतून लाकूड पोखरून वर कागदासारखा पापुद्रा ठेवते. भुंग्याची बारीक गोल भोकं दिसतात, खाली पिठासारखा भुसा पडतो. भोकं आहेत पण भुसा नाही, याचा अर्थ बहुधा कीड कधीचीच मेली आहे. त्या खांबावर पैसे घालू नका. सागाच्या गाभ्याला कीड सहसा शिवत नाही, बाहेरच्या पांढरट लाकडाला मात्र लगेच लागते. आजच्या लागवडीच्या कोवळ्या सागात तो पांढरा भाग जास्त असतो. 'सागवान घेतलं' एवढ्यावर समाधान मानू नये ते यासाठी.

छप्पर पहिलं, गिलावा शेवटी

उद्घाटनाची घाई असली की दर्शनी भिंत आधी रंगते. क्रम नेमका उलटा हवा: छप्पर, पाण्याचा निचरा, सांगाडा, भिंती, मग रंग.

छपरात सगळ्यात वाईट जागा म्हणजे चौकाचे चार आतले कोपरे. दोन पाखी जिथे मिळतात त्या पन्हळीत दोन्हींचं पाणी येतं, पानं साचतात, पत्रा गंजतो आणि खालचा कोनवासा (कोपऱ्यातला तिरका वासा) वर्षानुवर्षं गुपचूप भिजत राहतो. माडीच्या कोपऱ्यात तपकिरी डाग दिसला की त्याच्या बरोबर वर चढून बघा. नवी पन्हळ तांब्याची किंवा जाड जस्ती पत्र्याची, दोन्ही बाजूंनी कौलांखाली निदान सहा इंच शिरलेली हवी.

कौलं कोणती, यावर वाद होतात. मंगलोरी कौलाचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली काढला. म्हणजे पेशवाईतल्या वाड्यावर मुळात देशी नळीची कौलं असणार आणि मंगलोरी नंतर आली. पण ती येऊनही शंभर वर्षं झाली असतील तर तोही त्या घराचा इतिहासच. हट्टाने काढायची गरज नाही. एका चौरस मीटरला साधारण १५ मंगलोरी कौलं लागतात, म्हणजे ४० किलोच्या आसपास वजन. कौलांखाली प्लास्टिकचा कागद मात्र अंथरू नका. त्याच्या खालच्या अंगाला दव धरतं आणि रीप सडते.

खांबाला नवा पाय

खांब ६ × ६ इंच, उंची ८ फूट. खालचा एक फूट कुजलेला. अख्खा बदलला तर २ घनफूट लाकूड. फक्त पाय बदलला, तर कुजका एक फूट अधिक तिरक्या जोडासाठी दीड फूट मिळून साधारण ०.६ घनफूट. चोवीस खांबांच्या वाड्यात हा फरक ४८ विरुद्ध १५ घनफुटांचा होतो, आणि वरची केळफुलाची नक्षी जागेवर राहते ती वेगळीच.

आधी तुळईखाली खांबाच्या दोन्ही बाजूंना धिरे लावून भार काढून घ्यायचा. धिऱ्याखाली दोन इंच जाडीची रुंद फळी हवी, नाहीतर धिरा फरशीत रुततो आणि वर काहीच उचललं जात नाही. जॅक फिरवायचा तो खांब सैल होईपर्यंतच, एक-दोन मिलिमीटर. वर्षानुवर्षं खाली बसलेली तुळई एका दिवसात सरळ करायला गेलं की वरची भिंत फाटते, सांध्यातली कुसवं मोडतात. उचलायचीच असेल तर दिवसाला दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त नाही. जुना बाक थोडा राहिला तर राहू द्यावा, त्याने काही बिघडत नाही.

कुजक्या खुणेच्या वर आणखी दोन-तीन इंच जाऊन निरोगी लाकडात कापायचं. जोडाची तिरकी लांबी खांबाच्या रुंदीच्या तिप्पट, म्हणजे १८ इंच. नवा तुकडा त्याच जातीचा, रेषा उभ्या, ओलावा जुन्या लाकडाच्या जवळपास. पडलेल्या वाड्याचं जुनं सागवान बिलासकट मिळालं तर उत्तम. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, साधं लोखंड गंजून फुगतं आणि लाकूड चिरतं. नव्या तुकड्याच्या न दिसणाऱ्या अंगावर दुरुस्तीचं वर्ष कोरून ठेवा.

तळखड्यावर खांबाच्या कुसवासाठी खळगा असेल तर त्यात पाणी साचतं. मूळ रोग तोच असतो. दगडात बाहेरच्या बाजूला बोटभर रुंदीची चर काढली की पाणी निघून जातं. याऐवजी खांबाच्या पायाभोवती काँक्रीटचा बूट घालण्याची रीत फार दिसते. भक्कम दिसतो तो, पण लाकूड आणि काँक्रीट यांच्या फटीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. पाय पुन्हा कुजतो, आणि या वेळी दिसतही नाही. तळाला डांबर फासण्याचंही तेच.

तुळईचं टोक गेलं असेल तर भिंतीतली खाच मोकळी करून नवं टोक जोडायचं आणि त्याच्या तिन्ही बाजूंना इंचभर हवा खेळती ठेवायची. गिलावा करणारा गवंडी ती फट 'राहून गेली' समजून भरून टाकतो. त्याच्या आधी तिथे उभं राहा.

आतल्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक आम्लाचं पाणी चालतं: १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स, २ किलो बोरिक अॅसिड, दोन-तीन हात. पावसात ते धुऊन जातं, म्हणून वळचणीच्या लाकडाला उपयोग नाही. तिथे जवसाचं तेल. तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि ढिगातल्या चिंध्या आपोआप पेट घेतात. त्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या, रोज.

भिंतीला श्वास

मातीत रचलेल्या भिंतीवर सिमेंट लावलं की जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडू शकत नाही. ती वर सरकते, आणि भिंतीत गाडलेला खांब त्या ओलीत उभा राहतो. म्हणून सिमेंट काढायचं, हलक्या हाताने, छिन्नी आडवी धरून. मग थांबायचं. ओली भिंत इंचाला महिना या हिशेबाने वाळते. १८ इंचांची भिंत दोन्ही अंगांनी उघडी असली तरी नऊ महिने. ३१ मार्चच्या आत निधी संपवायचा असेल तर हा हिशेब निधी मागण्याआधीच मांडावा लागतो.

मग चुना. भाजलेली कळी पाण्यात टाकली की उकळी फुटते, डोळ्यांवर चष्मा हवाच. विझवलेला चुना हौदात निदान तीन आठवडे पाण्याखाली ठेवून, गाळून घ्यायचा. एक भाग चुना, दीड भाग वाळू, दीड भाग सुरखी (भाजक्या विटांची भुकटी). गुळाचं, हिरड्याचं पाणी घालण्याची जुनी रीत आहे, पण तिची चर्चा जास्त आणि चुना मुरवण्याची कमी होते. चुना कच्चा राहिला तर गिलाव्यातून नंतर फोड उडतात आणि गूळ त्याला वाचवत नाही. एका थराची जाडी १०-१२ मिलिमीटर, वर ओलं गोणपाट, आठ-दहा दिवस. भर उन्हाळ्यात किंवा भर पावसात हे काम काढू नये.

घराचं केंद्र होताना

इथवरचं सगळं कुठल्याही वाड्याला लागू आहे. केंद्र करताना खरा प्रश्न वजनाचा येतो. राहत्या घराच्या मजल्यासाठी चौरस मीटरला २०० किलो इतका वापराचा भार धरतात. संग्रहालयाच्या दालनासाठी ४००, आणि खुर्च्या पक्क्या न बसवलेल्या सभागृहासाठी ५००. आता माडीखालची एक तुळई घ्या: खांबांमधलं अंतर ३ मीटर, खण दीड मीटर, म्हणजे तिच्या वाट्याला साडेचार चौरस मीटर. कुटुंब राहत होतं तोवर हिशेबात ९०० किलो. सभागृह केलं की २,२५०. लेझीम तर सोडूनच द्या. तीस जणांची पावलं एका तालात पडायला लागली की मजला त्या तालात हलतो, आणि नुसत्या वजनापेक्षा ते कितीतरी जास्त जाचक.

यावर पहिला उपाय स्वस्त आहे आणि फारसा कुणाला सुचत नाही. माडीची माती मोजा. दर पिढीने जुन्या जमिनीवर नवा थर टाकलेला असतो, शेवटच्याने वर शहाबादी बसवलेली असते. मूळ थर चार इंचांचा आणि आज आठ इंच भरला, तर ते जास्तीचे चार इंच म्हणजे चौरस मीटरला सुमारे १७० किलो. एवढं ओझं कुणी माणूस वर न चढताच तुळई वाहत होती. ते काढलं की जवळपास एका घरभर माणसांची जागा मोकळी होते. उरलेली ताकद किती, हे लाकडी कामाची जाण असलेल्या अभियंत्याकडूनच काढून घ्या. नुसत्या काँक्रीटवर हात बसलेला अभियंता माडीखाली सरसकट लोखंडी गर्डर सुचवेल, आणि मग लाकूड फक्त शोभेला उरेल.

दुसरा उपाय वाड्याच्या रचनेतच आहे. गोंधळ, भारूड, वासुदेव, पोवाडा, लेझीम, सगळं चौकात. फरशी जमिनीवर टेकलेली आहे, प्रेक्षक तिन्ही सोप्यांवर बसतात, कलावंत खाली. या कलांना मंच लागतच नाही. संबळाचा आवाज चार भिंतींत चांगला घुमतो, ध्वनिवर्धक लावायचा मोह आवरा. जातं, उखळ, रहाट, मोटेचं चाक अशा जड वस्तू खालच्या मजल्यावर, माजघरात आणि पडवीत ठेवा. आणि जातं नुसतं ठेवण्याऐवजी शेजारी ओवी ऐकू येईल असं करा. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या प्रकल्पात गोळा झालेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून जास्त आहेत. आपल्या पंचक्रोशीतल्या ओव्या त्यांत आहेत का ते आधी पाहा, नसतील तर आजींकडून नोंदवून घ्या. वर माडीवर हलकं प्रदर्शन: वस्त्रं, कागद, फोटो, मुखवटे. एका वेळी किती जण वर जाणार तो आकडा अभियंत्याकडून लिहून घेऊन जिन्याच्या तोंडाशी लावायचा आणि पाळायचा.

कागद, कापड, चामडं यांना प्रकाश ५० लक्सपेक्षा जास्त नको. चामड्याच्या बाहुल्या पावसाळ्यात बुरशी धरतात. त्यासाठी अख्ख्या दालनात वातानुकूलन करू नये. कोरड्या थंड हवेने जुनं लाकूड तडकतं, आणि यंत्र रात्री बंद झालं की ओल परत येते. घट्ट बसणाऱ्या काचपेटीत ओल शोषणारी सिलिका जेल ठेवणं पुरतं. ती महिन्याला पाहून वाळवावी लागते, एवढंच.

जोतं तीन फूट उंच असेल तर चाकाच्या खुर्चीसाठी १:१२ उताराला ३६ फूट लांब रस्ता लागतो. दर्शनी बाजूला तो बसत नाही. मागच्या दारी, सुटा लाकडी करावा. उंबरठा कापायचा नाही, त्यावर काढता येणारी उतरती फळी टाकायची.

आगीबद्दल पुण्याचा इतिहास पुरेसा बोलका आहे. १८२८ साली शनिवारवाड्यातल्या इमारती जळाल्या, १८७९ साली बुधवार वाडा. जाड तुळई मात्र लोक समजतात तितकी पटकन पडत नाही. सागवान मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर जळत आत जातं, आणि वरचा कोळसा आतल्या लाकडाला काही वेळ सांभाळतो. आधी पेटतात ते पडदे, पातळ फळ्या, तख्तपोशीमागचं (छताखालच्या फळ्यांच्या अस्तरामागचं) जाळं-जळमट आणि वायरी. म्हणून तारा धातूच्या नळीतून, भिंतीवर उघड्या न्याव्या, लाकडात चर पाडून नव्हे. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच, तख्तपोशीच्या वरही धूरसूचक, आणि रात्री दाराशीच बंद करता येईल असा एक मुख्य खटका. जिना एकच असेल तर माडीवर कार्यक्रम नाहीच.

वर्षाचा फेरा

राहत्या घरात हे सगळं न सांगता होत होतं. चुलीचा धूर आढ्यापर्यंत जाऊन लाकूड कोरडं ठेवायचा, सारवताना खांबाचा पाय रोज कुणाच्या तरी नजरेखालून जायचा, पहिल्या पावसात कुठे टपकतं ते घरातल्यांना लगेच कळायचं. केंद्राला रात्री कुलूप लागतं. तेव्हा हे काम कुणाच्या तरी नावावर लिहावं लागतं: मेच्या पहिल्या पंधरवड्यात कौलं चाळणं (काढून, साफ करून, फुटकी बदलून पुन्हा बसवणं), पावसाळ्यात आठवड्याला पन्हळी साफ करणं, दिवाळीनंतर प्रत्येक खांबाच्या पायाशी दाभण आणि ओलावामापक, आणि वर्षभर सोमवारी का होईना, सगळी दारं-खिडक्या सताड उघडणं.

अंदाजपत्रकात दुरुस्तीचा आकडा मोठा असतो आणि कौलं चाळणाऱ्याची मजुरी नसते. ती दरवर्षीची म्हणून आत्ताच घाला. शिवाय दोन-अडीचशे जास्तीची कौलं त्याच कारखान्याची, त्याच साच्याची घेऊन मागच्या पडवीत उभी रचून ठेवा. एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलाला बसत नाही, आणि फुटलेल्या एका कौलापायी अख्खं पाखं बदलण्याची पाळी येते ती तेवढ्यावरूनच.